होडीचं माहेरपण

परवा हिप्परग्याच्या तलावावर गेले होते. काम काही नव्हतं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत हल्ली रोज कुणाची तरी भिंत फोडणं चालू असतं. त्या धुळीला कंटाळून रिक्षा केली आणि म्हटलं, जरा पाणी बघून येऊ. काठावर एक होडी पडली होती. आजकालची, फायबरची, निळ्या रंगाची. भर चैत्रातलं ऊन, आणि होडी उताणी. आत पालापाचोळा, गुटख्याच्या पुड्या आणि निवांत झोपलेलं एक कुत्रं. माझं डोकंच फिरलं. होडी लाकडाची असो नाहीतर कशाचीही, काठावर आणली की पालथी ठेवायची. एवढं ज्याला कळत नाही त्यानं पाण्याच्या वाटेला जाऊ नये.

मी तिथंच उभी राहून पुटपुटत होते, तर रिक्षावाला म्हणाला, “मावशी, कुणाला शिव्या देताय?”

“आहे एक माणूस,” मी म्हटलं. “मरून कितीतरी वर्षं झाली त्याला.”

त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. तो हसला आणि सावलीत जाऊन बसला. मी थट्टा करत नव्हते. तो माणूस म्हणजे माझे थोरले चुलते, तात्या. माझ्या वडिलांचे सख्खे मोठे भाऊ. त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं आजही भेटतात, आणि मी ते ऐकून घेते, पण मान डोलवत नाही.

आमची वस्ती तलावाच्या मागच्या अंगाला होती आणि तुळजापूरची सडक समोरच्या काठाला. बांधावरून वळसा घालून सडकेला जायचं तर निम्मी सकाळ खर्ची पडायची. म्हणून आबांची होडी. आबा म्हणजे माझे वडील. पहाटे मेथीच्या पेंढ्या, वांग्यांच्या पाट्या आणि बाजारला निघालेल्या बाया घेऊन आबा निघायचे. धुक्यात होडी दिसेनाशी झाली तरी वल्ह्याचा आवाज येत राहायचा, चुबुक, चुबुक, आणि मध्येच कुणातरी बाईचं हसणं. मी अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज ऐकायचे आणि परत झोपायचे. आमच्या घरात जे काही होतं, चूल पेटायची ती, माझ्या अंगावर परकर-पोलकं होतं ते, सगळं त्या होडीच्या जिवावर.

होडी जांभळीच्या लाकडाची होती. दोघे भाऊ एकत्र होते तेव्हा बांधावर जांभळीचं मोठं झाड होतं, वाऱ्यात पडलं. त्याच्या फळ्या काढून आबांनी सुताराच्या बरोबरीनं बसून ती बांधली. जांभूळ पाण्यात कुजत नाही, पण उन्हात मात्र चिडतं. कोरडं पडलं की फळी फळीला सोडते, आणि एकदा का मोठी भेग गेली की ते लाकूड चुलीतच घालायचं. म्हणून उन्हाळ्यात होडी सांभाळणं हे पोर सांभाळण्याइतकंच जोखमीचं काम होतं. आमच्या घरात त्याला काम म्हणत नसत. त्याला माहेरपण म्हणत.

पाडव्याच्या पुढं-मागं तलावाचं पाणी आत सरकायचं, काठाला चिखलाच्या खपल्या धरायच्या. मग आबा एक दिवस सांगायचे, “आज आणायची पोरीला.” आई अंगणात सडा घालायची. होडी ओढत करंजाच्या झाडाखाली आणली की आई तिच्या टोकावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची, पाय धुवावेत तसं पाणी घालायची. सासरी राबून आलेली लेक. सासर म्हणजे पाणी. पुढचे दोन अडीच महिने तिला कुणी कामाला लावायचं नाही, तिच्यावर बसायचं नाही, तिला ओलांडायचं नाही. मी आणि माझी चुलतबहीण सुशी, तात्यांची मुलगी, आम्ही दोघी तिला काथ्यानं घासून अंघोळ घालायचो. आईचं म्हणणं, लेकीच्या अंगाला तेल लेकींनीच लावायचं.

करंजाच्या तेलाचा तो वास! कडवट, उग्र, नाकात जाऊन बसणारा. पहिल्यांदा येतो तेव्हा नको वाटतो आणि नंतर त्याच्यावाचून करमत नाही. त्याच्या जोडीला तापलेल्या राळेचा धूर. फळ्यांच्या सांध्यात भरायला आबा सोलापुरातून मागावरचं वाया गेलेलं सूत आणायचे. चादरींचं सूत ते, लाल, हिरवं, पिवळं, गुंताळलेलं. राळ आणि तेलात भिजवून ते सांध्यांत ठासून बसवायचं. त्यामुळं आमच्या होडीच्या अंगभर बारीक रंगीत रेघा होत्या, आणि सुशी म्हणायची, “बघ की, पोरीनं बांगड्या भरल्यात.” मग दगडांच्या थरांवर तिला पालथी ठेवायची, जमिनीला टेकू द्यायची नाही. दगडांभोवती चुलीतली राख, म्हणजे वाळवी चढत नाही. वरून गोणपाट, आणि रोज दिवस कलला की त्या गोणपाटावर पाणी शिंपायचं. ओल्या तागाचा आणि करंजाचा वास एकमेकांत मिसळून अंगणभर पसरायचा. माझ्या लेखी उन्हाळा म्हणजे तो वास होता.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. तलाव आटत आटत गेला आणि मधल्या खोलगट भागात तेवढं डबकं उरलं. बाकी नुसती भेगाळलेली काळी माती. त्या मातीला दुपारच्या उन्हात शिंपल्यांचा आणि मेलेल्या माशांचा वास मारायचा. रेशनला तांबडी ज्वारी यायची, तिच्या भाकरी चावता चावता जबडे दुखायचे. आबा टेंभुर्णीकडं धरणाच्या कामावर गेले. जाताना मला आणि आईला जवळ बोलावून म्हणाले, “पानी आज ना उद्या येईल. होडी तेवढी ऱ्हायली पायजे. ती ऱ्हायली तर आपुन ऱ्हायलो.” दुसरं काहीही सांगितलं नाही.

होडी तेवढी राहिली पाहिजे. मी आणि आई त्या एका वाक्यावर जगत होतो. प्यायला पाणी मैलभरावरच्या विहिरीतून आणायचं, आणि त्या विहिरीलाही लोक रांगेत भांडायचे. पण आई धान्य धुतलेलं पाणी टाकत नसे, भांडी विसळलेलं टाकत नसे. माझी अंघोळसुद्धा पाटावर बसवून, खाली परात ठेवून. ते सगळं पाणी संध्याकाळी गोणपाटावर. पाणी पडलं की लाकूड आतून बारीक आवाज करायचं आणि आई म्हणायची, “प्याली गं बाई.” तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते मला माझ्या बाळंतपणात माझ्या लेकीला पाजताना कळलं.

तात्यांना हे बघवत नव्हतं. त्यांचा वाडगा, म्हणजे गुरांचं आवार, आमच्या अंगणाला लागूनच होता. त्यांच्याकडं खिल्लारी बैलांची जोडी होती, गावात त्यांच्या तोडीची दुसरी नव्हती, आणि ती जगवण्यासाठी ते कुठून कुठून उसाची वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, आणायचे. बैल जगवले याबद्दल मी त्यांना बोल लावत नाही. एका दुपारी ते दोन गडी घेऊन आमच्या अंगणात आले आणि करंजाखाली उभे राहिले.

“पान्याचा ठिकाना न्हाय, आन् लाकडाला पानी पाजताय व्हय? डोस्कं फिरलंय का तुमचं?” मग गड्यांना म्हणाले, “उचला रं. गव्हाण झ्याक हुईल हिची.”

आई थोरल्या दिरासमोर कधी येत नसे. पदर कपाळापर्यंत ओढून दाराआड उभं राहायचं आणि बोलायचं ते माझ्या तोंडून, अशी आमच्याकडची रीत. ती दाराआडूनच म्हणाली, “सांग तुज्या तात्यास्नी, ती माहेरपनाला आलीया. घरधनी येस्तवर तिला हात लावायचा न्हाय.”

मी सांगितलं. तात्या हसले. मोठ्यांदा नाही, गालातल्या गालात. त्या हसण्यानंच सगळा घात केला.

“माहेर? आन् माझं घर काय परक्याचं हाय? जांभळीचं झाड सामायिक हुतं की. म्हंजे माजीबी लेकच झाली. चार दिस माझ्याकडं बी जेवू दे तिला.”

गडी खो खो हसले. गोणपाट बाजूला फेकून त्यांनी होडी ओढत नेली. दगडांवरून जाताना तिच्या बुडाला चरे पडले, तो आवाज मला ऐकवेना. आई दाराआड तशीच उभी राहिली. तिनं पदर तोंडात कोंबला होता.

त्यांच्या वाडग्यात होडी उताणी ठेवली. वाढं कापून आत टाकली, भुसा टाकला, मीठ टाकलं. बैल मिठासाठी तिच्या कडा चाटायचे, शिंगं घासायचे, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या रंगीत सुताचे धागे त्यांच्या तोंडातून लोंबायचे. पण त्याहून वाईट पुढं होतं. गव्हाण धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून तात्यांनी गिरमिट आणलं आणि होडीच्या तळाला भोक पाडलं. होडीच्या तळाला! मी कुडाच्या फटीतून बघत होते. गिरमिट फिरत होतं आणि जांभळट भुगा बाहेर येत होता. मी तेव्हा मोठी होते, लग्नाला आलेली म्हणत तेवढी. मी त्या फटीला डोळा लावून म्हटलं, तात्या, हे तुम्हाला फेडावं लागेल. तात्यांना ते ऐकू गेलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

मग मी माझ्या परीनं सुरुवात केली. त्यांच्या पायताणात सराट्याचे काटे टाकले. त्यांच्या बाराबंदीचे बंद उसवले. सकाळी ते दंतमंजनाला बसले की मी मुद्दाम त्यांच्या समोरून रिकामी घागर घेऊन जायची. ते चरफडायचे आणि मला दिवसभर गार वाटायचं. पण होडी काही त्यानं परत येणार नव्हती. तिच्या फळ्या उन्हानं सुटायला लागल्या होत्या. पाऊस तोंडावर आला होता, आबांचा पत्ता नव्हता, आणि पाणी आलं असतं तरी आमच्याकडं पाण्यात घालायला काही नव्हतं.

त्यात एक दिवस सुशी धावत आली. “मला बघाया येनार हायती उद्या. अक्कलकोटाकडची मान्सं हायती, लई मोठं घर हाय म्हनं.” आई ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला. तिनं विचारलं, “बायका बी येनार हायती?” सुशी म्हणाली, “व्हय, पोराची आई येनार हाय.” आई परत ज्वारी निवडायला लागली. पण ती जरा गुणगुणत होती, आणि आई गुणगुणताना मी किती महिन्यांनी ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांच्या सोप्यात घोंगडी अंथरलेली, त्यावर पाहुणे. पानाचं तबक, चहाच्या बश्यांचे आवाज. आतून पोह्यांच्या फोडणीचा वास. दुष्काळात पोह्यांचा वास म्हणजे सणच. आईनं अंघोळ केली. लग्नातलं लुगडं नेसली. ताटात हळदकुंकू घेतलं, ट्रंकेच्या तळाचा खण घेतला, देव्हाऱ्यातल्या कलशावरचा नारळ उचलला. ओटीला तांदूळ नव्हते, म्हणून ओंजळभर रेशनची तांबडी ज्वारी. पदर कपाळापर्यंत ओढला आणि मला म्हणाली, “चल.”

आम्ही सोप्यासमोरून, सगळ्या पुरुषांच्या देखत, वाडग्यात गेलो. आई कुणाशी बोलली नाही. बोलणारच नव्हती, दिरासमोर बोलायची तिची रीत नव्हती. तिनं एका बैलाचं तोंड हातानं बाजूला सारलं. होडीचं टोक पदरानं पुसलं, बैलाची लाळ, भुसा, सगळं. मग त्या लाकडाला हळद लावली, कुंकू लावलं, आणि वाढ्यांच्या त्या चोथ्यावर खण, नारळ, ज्वारी ठेवून ओटी भरली. तात्यांची बशी ओठांपाशी थांबलेली. काकी, म्हणजे त्यांची बायको, दारात उभी, तोंड उघडं. तात्यांना उठून दोन शिव्या घालता आल्या असत्या, एरवी त्यांनी घातल्याच असत्या. पण समोर व्याही होणारी माणसं बसली होती. मला तात्यांचा तो चेहरा बघून इतकं बरं वाटलं की मी हसू लपवायला बैलाच्या आड गेले.

पोराची आई उठून अंगणात आली. धिप्पाड बाई, कपाळभर भस्म, हातभर हिरव्या बांगड्या. तिनं विचारलं, “ही काय रीत म्हनायची?”

तेवढ्यात सुशी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली. तिनं खाली मान घालून, दाखवायला आणलेल्या मुलीनं बोलावं तितक्या हळू सांगितलं, “आमच्यात होडी लेक आसती. पानी आटलं की ती माहेराला येती. वटी भरल्याबिगर तिला सासरी धाडत न्हाईत.”

त्यात एक शब्द खोटा नव्हता.

ती बाई होडीकडं बघत राहिली. होडीत तोंड घालून चरणाऱ्या बैलांकडं तिचं लक्ष गेलं. मला वाटलं, आता ही विचारणार, लेकीची गव्हाण कोण करतं? पण तिनं दोन्ही हात जोडले आणि बैलांना नमस्कार केला.

“लेकीच्या पंगतीला नंदी बसवलाय! छलो रीत हाय, लई छलो.” कानडीत छलो म्हणजे चांगलं. मग ती काकींकडं वळली. “लाकडाच्या लेकीला एवढा मान, तर हाडामासाच्या लेकीला किती आसंल वो!” आणि आमच्या ताटातलं कुंकू घेऊन तिनंही होडीला लावलं. कनवटीची सुपारी सोडून आत ठेवली. मग सरळ तात्यांकडं बघून म्हणाली, “कदी धाडनार सासरी?”

तात्यांनी बशी खाली ठेवली. “उद्या,” ते म्हणाले. “उद्याच धाडनार की.”

दुसऱ्या दिवशी तेच दोन गडी होडी घेऊन आले, या वेळी उचलून, दगडांना लागू न देता. काकींनी वरून नवा खणही ठेवला होता, कारण व्याह्यांच्या तोंडून गोष्ट गावभर झाली होती. कडा चाटून चाटून गुळगुळीत झालेल्या, अंगाला शेणाचा वास. आम्ही तिला परत अंघोळ घातली, तेल लावलं. तळाचं भोक मात्र तसंच होतं, आई त्यातून बोट घालायची आणि सुस्कारा सोडायची.

हे सगळं इथं संपलं असतं तर मी तात्यांना विसरलेही असते. पण सुशीचं तिथंच जमलं, आणि तात्यांनी ती रीतच आपल्या नावावर करून टाकली. लग्नाच्या मांडवात, पंगतीत, जो भेटेल त्याला सांगायचे, “आमच्या घरची चाल हाय बाबा. होडीला आमी लेक मानतो. दुष्काळात सोताच्या पोटाला न्हवतं, पर तिला माझ्या वाडग्यात ठिवली, जेवू घातलं.” सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे, आणि ते डोळे खरेच भरायचे, याचा तर मला जास्तच राग यायचा. लोक मान डोलवायचे. मी वाढप करत असायची. एकदा मी त्यांच्या पानात मुद्दाम मीठ जास्त वाढलं, पण ते बोलण्याच्या भरात तेही खाऊन गेले.

आबा तलाव भरायच्या आत परत आले होते. करंजाखाली बसून त्यांनी होडीच्या तळावरून हात फिरवला. बोट भोकाशी आलं आणि थांबलं. त्यांनी विचारलं नाही. आईनं सांगितलं नाही. त्यांनी जांभळीच्याच खोडाच्या लाकडाची एक खुंटी तासली, सूत गुंडाळून, राळेत बुडवून त्या भोकात ठोकली. पुढं होडी चालली, पुष्कळ वर्षं चालली. पण रोज सकाळी आत बसायच्या आधी आबा त्या खुंटीवर अंगठा दाबून बघायचे, आणि तिथून कायम थोडं पाणी झिरपायचंच. मी डब्यानं उपसायची आणि माझं डोकं तापायचं. तात्या काठावरून हाक मारायचे, “काय रं, बरी हाय न्हवं आपली लेक?” आबा म्हणायचे, “हाय की, दादा.” भावासमोर त्यांचा आवाज कधी चढला नाही. त्याबद्दल मला आबांचाही राग यायचा, आणि तो तात्यांवरच्या रागाइतकाच खरा होता.

माझं लग्न झालं, मी सोलापुरात शुक्रवार पेठेत आले. काही वर्षांनी वैशाखात मी माहेरी गेले होते, होडी आणि मी एकाच वेळी माहेरपणाला, आणि त्याच दिवसांत तात्या गेले. आबांनी भावाचं सगळं केलं. खांदा दिला, केस उतरवले, अनवाणी राहिले. तिसऱ्या दिवशी राख सावडली. त्याच दुपारी तात्यांचा मुलगा दत्तू आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला, हातात फडक्यात बांधलेलं मडकं.

“आबा, तात्यांची लई विच्छा हुती. मला मधल्या पान्यात सोडा म्हनले. आपल्या लेकीच्या हातनं जातो म्हनले.”

आबा करंजाखाली बसले होते, नुकतं उतरवलेलं डोकं उन्हात चमकत होतं. होडी पालथी होती. ते गोणपाटावर पाणी शिंपत होते. त्यांचा हात थांबला.

आईच बोलली, दाराआडून नाही, समोर येऊन. “द्या की. मेल्या मानसाशी कसलं आलंय वैर.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या बाईनं ओटीचं ताट घेऊन तात्यांचं नाक कापलं, तिनं हे म्हणावं? मी काही बोलणार, तेवढ्यात आबा म्हणाले,

“न्हाय.”

दत्तूला वाटलं, त्यानं नीट ऐकलं नाही. “आबा?”

“तिचं माहेरपन चालू हाय. माहेराला आलेल्या पोरीला मदीच उठवून कामाला जुपायचं न्हाय, आपल्यात तशी चाल न्हाय. पानी आल्यावर ती जाईल. तवर थांबायचं आसंल तर थांब, न्हायतर काठावर सोड.”

“थोरला भाऊ हुता तुमचा.”

“व्हय,” आबा म्हणाले, “म्हनून तर डोस्कं उतरीवलं.” आणि परत पाणी शिंपायला लागले.

दत्तू मडकं घेऊन तलावात उतरला. वैशाखातला तलाव, पाणी कुठल्या कुठं गेलेलं. तो चिखलातून चालत गेला, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. पुढं जाववेना. कडेच्या चिखलात कुणाच्या तरी म्हशी लोळत होत्या. त्यानं तिथंच फडकं सोडलं आणि मडकं उपडं केलं. राख पाण्यावर पसरली नाही, पाणी होतंच कुठं. ती चिखलावर बसली. एका म्हशीनं उठताना त्यात पाय दिला. मी हे सगळं डोळे भरून पाहिलं. एकदाही मान वळवली नाही.

परवा त्याच काठावर मी उभी होते. आता तिथं गवत आहे. लोक म्हणतात, वय झालं की माणूस माफ करायला शिकतो. मी वाट बघितली, मला काही ते आलं नाही. मी तिथं थोडी थुंकलेसुद्धा. रिक्षावाल्यानं हाक मारली तशी निघाले.

राख सोडली त्या संध्याकाळी आबा होडीला टेकून रडले. होडीला कुणी टेकायचं नाही, पण आईनं त्यांना उठवलं नाही. भाऊ गेला होता त्यांचा. मी आत चुलीपाशी जेवायला बसले. सुतकाचं जेवण, बिनफोडणीची आमटी, अळणी भात. आईनं विचारलं, “घशाखाली उतरतंय का तुज्या?” मी परत भात मागून घेतला. पुढं कुठं कुठं जेवले, लग्नांत जेवले, सणांत जेवले, पण त्या दिवशीच्या इतकं गोड मला कधीच काही लागलं नाही.